मागून आणलेली भाकर, थापलेली भाकर

आपल्या चळवळीचा जो इतिहास आपण पाठ करतो तो सभांचा आहे, ठरावांचा आहे, तळ्याचा आणि देवळाच्या दाराचा आहे. तो खराच आहे. पण त्यात चूल नाही. १४ एप्रिलला स्टेजवर उभा राहिलेला कार्यकर्ता १९२७ साल सांगतो, १९५६ साल सांगतो, टाळ्या घेतो आणि खाली उतरल्यावर पहिलं काय विचारतो? 'जेवायचं काय केलंय?' या प्रश्नाचं उत्तर जिनं पहाटे चारला उठून तयार ठेवलेलं असतं, तिचं साल कुठलं, हे कुणी सांगत नाही.

मित्रांनो, माझं म्हणणं साधं आहे. ज्या दिवशी आपल्या माणसांनी गावात भाकर मागायला जाणं बंद केलं, त्या दिवसापासून घरात भाकर थापणं हे चळवळीचं काम झालं. ठराव सभेत झाला. तो रोज दोन वेळा अमलात आणला तो चुलीपुढच्या बाईनं. आणि तोही हातात काही नसताना, फुकटच्या पाल्यावर, हुलग्यावर, कण्यांवर. हा इतिहास स्वस्त स्वयंपाकाचा आहे, पण स्वस्त इतिहास नाही.

आधी मागून आणलेल्या भाकरीबद्दल बोलू. वतनदार महाराची पाळी असायची. ज्याच्या घरी पाळी तो येसकर. गावचा सांगावा न्यायचा, सरकारी माणसापुढं पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं, लाकडं फोडायची, रात्री गस्त घालायची आणि संध्याकाळी घोंगडी, टोपली घेऊन दारोदार हाक द्यायची, 'भाकर वाढा माय.' टोपलीत बारा घरची भाकर पडायची. कुठली ताजी, कुठली सकाळची, कुठली कालची. कालवण सगळं एकाच भांड्यात. इथली आमटी, तिथलं बेसन, तिसरीकडची आंबलेली भाजी. उरलेले तुकडे उन्हात वाळवून ठेवायचे आणि पावसाळ्यात पाण्यात उकळून, मीठमिरची लावून पोरांपुढं ठेवायचे.

आता यातली खरी मेख काय? ही भीक नव्हती. ही मजुरी होती. काम आधी करून घेतलेलं होतं. पण मजुरी भिकेच्या रूपात दिली की दोन गोष्टी साधतात. घेणारा हिशेब मागू शकत नाही, आणि देणारा धर्म केल्याचं समाधान मिळवतो. दाणे दिले असते तर ते घरात साठले असते, दोन दिवस काम नाकारता आलं असतं. शिजलेली भाकर साठत नाही. उद्या पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागतं. शिळ्या भाकरीचं अर्थशास्त्र हे असं आहे.

म्हणून १९-२० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेब पाण्याइतकेच भाकरीबद्दल बोलले. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं आणि शिळं मागणं सोडा. आपण चवदार तळ्याची ओंजळ लक्षात ठेवली, कारण ती चित्रात काढता येते. पण पाण्याचा आणि पिठाचा संबंध बायांना विचारा. पाण्याशिवाय पीठ मळता येत नाही, डाळ शिजत नाही, भांडं घासता येत नाही. ज्याला पाणवठा नाही त्याला स्वतःची चूलही नीट नाही. त्याला दुसऱ्याच्या दारची शिजलेली भाकर हवीच. तळं मोकळं करणं आणि भाकर मागणं सोडणं ही एकाच लढाईची दोन टोकं होती.

आणि समोरच्यांना हे पक्कं कळलेलं होतं. २० मार्चला लोक तळ्यावर पाणी पिऊन परतले, देवळात शिरणार अशी अफवा गावात उठवली, आणि लाठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. तिथं काही लोक जेवत होते. जमावानं माणसांना तर मारलंच, पण अन्न मातीत कालवलं, भांडी ठेचली. विचार करा. त्यांचं भांडण तळ्याच्या पाण्याशी होतं म्हणे. मग राग भातावर का निघाला? कारण आपल्या पैशानं आणलेलं, आपल्या हातानं शिजवलेलं, हजारो माणसांनी एका पंगतीला बसून खाल्लेलं जेवण हे त्यांना तळ्याइतकंच झोंबलेलं होतं.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. आपण त्यातलं लुगडं नेसण्याबद्दलचं आणि दागिन्यांबद्दलचं बोलणं सांगतो. पण त्यांनी हेही सांगितलं होतं, की घरच्या पुरुषानं मेलेल्या जनावराचं मांस आणलं तर हे माझ्या घरात चालणार नाही असं त्याला ठणकावून सांगा. म्हणजे ठरावाची अंमलबजावणी कुणाच्या हाती दिली? बाईच्या. उंबऱ्यावर कुणाला उभं केलं? बाईला. आणि आत रिकामं गाडगं कुणाच्या वाट्याला आलं? तेही तिच्याच.

ठराव झाल्यावर गावं गप्प बसली नाहीत. भाकर बंद, काम बंद, रस्ता बंद. मुंबई सरकारनं १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीनं आपल्या अहवालात बहिष्काराचं हत्यार नोंदवून ठेवलंय. त्यात वाण्यानं सामानसुमान देणं बंद करणं आहे. म्हणजे पैसे हातात घेऊन गेलात तरी मीठ मिळणार नाही. चूल विझवणं ही गावाची जुनी युद्धनीती आहे.

१९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन सुधारणेचं बिल मांडलं. वतनं कायद्यानं संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. मधली तीस वर्षं कुणी पाळी केली, कुणी सोडली, कुणी मार खाल्ला. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणातही बाबासाहेबांनी हा विषय काढला. मेलेली ढोरं ओढणं सोडलं तर महारांचं किती नुकसान होतं याचा हिशेब काही शहाणे मांडत होते. शिंगांचे इतके, कातड्याचे इतके, मांसाचे इतके. बाबासाहेबांचं उत्तर सरळ होतं. फायदा आहे ना, मग तुम्हीच ओढा आणि फायदा घ्या.

पण फायदा नाकारायचा तर रात्रीच्या जेवणाचं काय? इथून थापलेल्या भाकरीचा इतिहास सुरू होतो. माझ्या आजीच्या तोंडून जे ऐकलं, मायच्या हाताखाली जे पाहिलं आणि आमच्या बालाघाटाच्या बाजूच्या वस्त्यांत म्हाताऱ्या बायांना विचारून जे लिहून घेतलं, त्यातलं थोडं इथं मांडतो.

दाणे थोडे आणि माणसं जास्त. त्याला पहिला उपाय कण्या. ज्वारी कांडून जाडसर भरडायची, पाखडायची, आधणात टाकून भातासारखी शिजवायची. दळलेल्या पिठाची भाकर पोटात लवकर जिरते, कण्या फुगतात, पातेलं भरलेलं दिसतं. दुसरा उपाय आंबील. मूठभर पीठ रात्री पाण्यात किंवा कुणाकडून मिळालेल्या ताकात भिजवायचं, सकाळी मीठ, लसूण घालून उकळायचं. मूठभर पिठात चार पोरं शाळेला. तिसरा उपाय घुगऱ्या. ज्वारी, हरभरा, हुलगा, जे असेल ते अख्खंच उकडायचं. दळण नाही, तेल नाही, तवा नाही.

हुलगा, म्हणजे कोकणातला कुळीथ, हलक्या माळरानात, कमी पावसावर येतो. बडे लोक तो बैलाला, घोड्याला घालायचे. आपल्या बायांनी तो भाजला, दळला आणि त्याचं माडगं केलं. पिठाला पाणी लावून गुठळी मोडायची, उकळत्या पाण्यात सोडायचं, लसूण-मीठ किंवा असला तर गुळाचा खडा. त्याच पिठाला लसूण, मिरची लावून घट्ट मळलं, हातावर वळून कडी केली आणि उकळत्या तिखट पाण्यात सोडली की शेंगोळे. एका पातेल्यात भाकरही आली, कालवणही आलं. आज शास्त्र सांगतं की शंभर ग्रॅम हुलग्यात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत, ज्वारीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. आजीला प्रथिन हा शब्द माहीत नव्हता. 'हुलगा खाल्ला की गडी दुपारपर्यंत टिकतो' एवढं माहीत होतं.

रानातला पाला तर फुकटच. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजीर, पावसाळ्याच्या तोंडाला तरोट्याची कोवळी पानं. अंबाडी आंबट, तिला कण्या किंवा तुरीची चुणी लावून घोटायचं. डाळ भरडताना जो चुरा आणि टरफल निघतं ती चुणी, ती ढोरांचा खुराक. डाळ मालकाच्या घरी, चुणी आपल्या घरी. घरात मसाल्याचा डबा नव्हता, पण येसर होता. ज्वारी, बाजरी, हरभरा असे दाणे भाजायचे, धने-मिरची घालून दळून गाडग्यात भरून ठेवायचं. पाणी उकळलं, मूठभर येसर टाकला की कालवण तयार. पाहुणा आला तर पाणी वाढवायचं.

मांसाचंही झाकून ठेवण्यासारखं काही नाही. मेलेलं सोडलं, पण बाजारातून विकत आणलेलं सोडलं नाही. जे स्वस्त मिळालं ते आणलं. वजडी साफ करायला दोन तास लागतात म्हणून ती स्वस्त. ते दोन तास बाईनं घातले. रक्त साखळवून कांद्यावर परतलं, त्याला रक्ती म्हणतात. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवल्या, त्या चान्या. निखाऱ्यावर भाजून पोरांच्या हातात दिल्या की तोच खाऊ. चरबी कढवून ठेवली की तेच तेल. जनावराचा एक तुकडा वाया गेला नाही.

पोरांचा खाऊ म्हणाल तर ज्वारीच्या लाह्या, भाजलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ, उरलेल्या भाकरीचा कुस्करून गूळ घातलेला मलिदा, सणावारी धपाटं. आणि भाकर? ती येते म्हणणाऱ्यांनी जुन्या पिठाची थापून दाखवावी. रेशनची जुनी ज्वारी, पीठ तुटतं, परातीत चिरा पडतात. त्याला उकळतं पाणी घालून, वाफ मुरवून, तळहाताच्या बुडानं रगडावं लागतं. हात भाजतात. तेव्हा कुठं पीठ धरतं. हे कसब कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

इथं एक धोका आहे. हे वाचून कुणी म्हणेल, वा, किती पौष्टिक, किती सात्त्विक, किती नैसर्गिक. तर तसं नाही. ही भूक होती. बाई सगळ्यात शेवटी जेवायची आणि पातेलं खरवडायची. पाला खाल्ला तो आवडीनं नाही. म्हणून ज्यांच्याकडं चार पैसे आले त्यांनी गहू खाल्ला, तेल घातलं, पुरणपोळी केली, त्यांना नावं ठेवायचा अधिकार कुणाला नाही.

कारण आपण चांगलं खाल्लं तर काय होतं तेही इतिहासात आहे. 'जातिनिर्मूलन' हे १९३६ चं पुस्तक उघडा. बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावची हकिकत दिलीय. आपल्यातला एक माणूस तीर्थयात्रा करून आला. त्यानं जातभाईंना जेवण घातलं आणि जेवणात तूप वाढलं. पंगत चालू असतानाच शेकडो लोक लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना झोडपलं. गुन्हा काय? तूप. पैसे त्याचे, तूप त्याचं, तोंडं आपली. पण तूप हे मोठेपणाचं लक्षण, ते अस्पृश्याच्या पानात दिसता कामा नये. त्याच पुस्तकात गुजरातेतल्या एका गावची हकिकत आहे, तिथं आपल्या बायांनी धातूच्या भांड्यात पाणी आणलं म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. म्हणजे गरीब खाल्लं तर हिणवणार, चांगलं खाल्लं तर मारणार. प्रश्न पदार्थाचा कधीच नव्हता. आपल्या पानात काय पडावं हे कोण ठरवणार, हा होता.

१९७२ चा दुष्काळ आपल्या आईबापांनी पाहिला. खडी फोडायची आणि सुकडी खायची. रेशनवर अमेरिकेतली लाल ज्वारी आली, मिलो. तिची भाकर धड थापता येईना, गिळता येईना. बायांनी तीही रगडून रगडून थापली. त्या दुष्काळातल्या कामांतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. रोहयोचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढाऱ्यांची नावं लिहिली. मिलोचं पीठ मळणाऱ्या हाताचं नाव लिहिलं नाही. आणि गंमत बघा, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. ज्या भाकरीवरून शाळेत आपल्या डब्याला नाक मुरडलं, ती मोठ्या हॉटेलात थाळीत आली. भाकर वर गेली, थापणारी तिथंच राहिली.

शिजवणाऱ्या हाताचा प्रश्न तर अजून जिवंत आहे. १९९५ च्या योजनेत शाळेतल्या पोराला महिन्याला तीन किलो धान्य मिळायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कोरडं धान्य नको, शाळेत शिजवलेलं जेवण द्या. २० एप्रिल २००४ ला कोर्टानं आणखी सांगितलं, की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. महाडच्या मांडवात जे अन्न मातीत कालवलं त्याला कायद्यानं दिलेलं हे उत्तर आहे. आणि समाजानं त्यावर काय उत्तर दिलं? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात, चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांगच्या शाळेत, दलित बाईनं शिजवलं म्हणून सवर्ण पोरांनी जेवायला नकार दिला. तिला कामावरून काढलं, बोंब झाल्यावर पुन्हा घेतलं. तुमच्या गावच्या शाळेत खिचडी कोण शिजवतं? जाऊन पाहा. आपल्या बाईला भांडी घासायला ठेवलंय की पळी हातात दिलीय? एवढ्या एका पाहणीतून गावाची जात कळते.

मांसाचंही तसंच. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गाय कापण्यावर बंदी होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती आली आणि बैल, वळूही त्यात गेले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. यात श्रद्धेची चर्चा खूप झाली. गरिबाच्या पातेल्यात काय उरलं, ही चर्चा झाली नाही. बाबासाहेबांनी मेलेलं खाऊ नका म्हटलं ते माणसाच्या इज्जतीसाठी. त्याचा आधार घेऊन कुणी विकत घेतलेलं ताजं मांसही सोडा म्हणून शिकवायला आला, तर त्याला विचारा, माझ्या चुलीवर तुझा हुकूम कधीपासून?

आता ही सगळी विद्या गेली कुठं? मराठीत स्वयंपाकाची पुस्तकं कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. मेहनतीची पुस्तकं आहेत. पण त्यांतलं घर डबे भरलेलं घर आहे. रिकाम्या डब्यांचं घर आपल्या आत्मकथनांत सापडतं. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये, बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं'मध्ये. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढून चळवळीतल्या बायांना नावानिशी उभं केलं. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या ताटाच्या आठवणी गोळा केल्या. २०१५ मध्ये शाहू पाटोळेंनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातलं आपलं ताट जसंच्या तसं मांडलं. म्हणजे वाट पडलेली आहे. चालायला माणसं पाहिजेत.

म्हणून तुम्हाला काम सांगतो. पुढच्या शिबिराआधी प्रत्येकानं एका म्हाताऱ्या बाईपुढं वही घेऊन बसायचं. स्वतःची आजी असेल तर उत्तम. विचारायचं ते असं. तुमच्या घरात भाकर मागणं कधी बंद झालं, कुणी बंद केलं? त्या पहिल्या महिन्यात काय खाल्लं? पाणी कुठून आणलं? दळण कुठं दळलं, गिरणीवाल्यानं घेतलं का? बहिष्कार पडला तेव्हा मीठ कुठून आलं? सगळ्यात शेवटी कोण जेवायचं? पदार्थ सांगितला की तो नीट लिहायचा. दाणा कुठला, किती, किती वेळ, कशात. ती म्हणेल, 'हे काय लिहायचं असतंय व्हय?' तेव्हा सांगायचं, असतंय.

दुसरं काम आपल्याच शिबिराचं. मी अशी शिबिरं पाहिलीत, जिथं स्त्रीमुक्तीवर व्याख्यान चालू होतं आणि वस्तीतल्या सगळ्या बाया मागच्या बाजूला साठ माणसांच्या भाकरी थापत होत्या. व्याख्यान त्यांच्यावर, आणि ऐकायला त्याच नाहीत! हे बंद झालं पाहिजे. पुढच्या वेळी बाया समोर बसतील आणि पोरं मागं. शेंगोळे करा, घुगऱ्या करा, तेल-मसाल्याचा खर्च नाही, साठ माणसं जेवतात. ज्यांना भाकर थापता येत नाही त्यांनी उकळतं पाणी घालून सुरुवात करावी. पहिल्या दहा तुटतील. अकरावी धरेल.

जयभीम.